दहशतवादाची भीती आणि सुरक्षेचं प्रमाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि महाराष्ट्राने १९९३ पासून इतके हल्ले पाहिले आहेत की दर हल्ल्यानंतर तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत. भीती खरी असते, पण ती शांत करण्यासाठी उचललेलं पाऊल आणि लोकांचा जीव वाचवणारं पाऊल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीलाच दुसरी समजलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

लोकलमध्ये बेवारस पिशवी दिसली की अजूनही पोटात गोळा येतो. हे अती आहे का?

नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांदरे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही रोजच्या प्रवासातली नावं त्या रात्री मृतांच्या याद्यांत दिसली. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून वाहिल्या म्हणून ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे गायले गेले. लोक कामावर गेले कारण जाणं भाग होतं. त्या कौतुकामुळे प्रशासनाला विचारायचे प्रश्न मात्र मागे पडले.

आकड्यांत पाहिलं तर धोका नेमका किती?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, कोविडची वर्षं सोडली तर, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून, कोणी खांबाला आपटून. म्हणजे ११ जुलै २००६ च्या (७/११) एका दिवसाइतके मृत्यू याच रुळांवर साधारण महिन्याभरात होतात. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात पंधरा हजारांहून अधिक लोक गेले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे बॉम्ब नव्हता, पाऊस होता आणि अरुंद जिना होता.

एवढ्यावरून ‘दहशतवाद विसरा’ असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. अपघात कट रचत नाही. १२ मार्च १९९३ ला एका दुपारी २५७ माणसं मारली गेली, आणि मारणाऱ्यांना त्याहून अधिक हवी होती. शिवाय अशा हल्ल्याचा हेतू शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडण्याचा असतो. त्यामुळे फक्त मृतांची संख्या मोजून भागत नाही. पण पैसा आणि मनुष्यबळ कुठे घालायचं, हे ठरवताना हे आकडे समोर असलेच पाहिजेत.

मग आपण गर्दीच्या दाराला लटकायला घाबरत नाही, आणि बॉम्बला घाबरतो. असं का?

दाराला लटकताना आपला हात दांडीवर असतो, निदान तसं वाटतं. बॉम्बवर आपला काहीच ताबा नसतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो आणि त्याची चित्रं दिवसरात्र दाखवली जातात. या भीतीची किंमतही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून मोटार धरली. त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी मांडला आहे.

सुरक्षेचा एखादा उपाय प्रमाणात आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल दिला, त्यात याची चौकट सापडते. सरकारी पावलाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, हक्कावर येणारी गदा त्या हेतूला गरजेची आणि तेवढीच हवी, आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी. पुढे जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीबद्दल बोलताना न्यायालयाने हीच कसोटी लावली.

मी त्यात माझा एक साधा प्रश्न जोडते : हा उपाय त्या दिवशी हाताशी असता, तर काय बदललं असतं? बहुतेक घोषणा या प्रश्नापुढे टिकत नाहीत.

१९९३ मध्ये आरडीएक्स समुद्रातून आलं, २००८ मध्ये दहा जण समुद्रातूनच आले. मधली पंधरा वर्षं काय झालं?

१९९३ च्या स्फोटांसाठीचा माल रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरला. तो उतरला तेव्हा देशात टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागू होता, तोही चांगला जाचक. माल अडला नाही, कारण तस्करीची वाट आधीच पैशाने मोकळी झालेली होती. त्या खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. कायदा कितीही कठोर असू दे, नाक्यावरचा माणूस विकला गेला की तो कागदावरच राहतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला कुबेर नावाची मच्छीमार बोट पळवून दहा जण मुंबईपर्यंत आले आणि कफ परेडजवळच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. म्हणजे किनाऱ्यावरची पहिली नजर सरकारची नव्हती, कोळीवाड्याची होती. त्यानंतर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती जुनाट रायफली होत्या आणि समोर एके-४७. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. एनएसजीचे (केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा दलाचे) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून येऊन कामाला लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली होती. त्या साठ तासांत १६६ माणसं गेली.

या यादीत कायद्याच्या कलमाची उणीव कुठेच नाही. गस्त, शस्त्रं, प्रशिक्षण, अंतर आणि आलेल्या खबरीचं पुढे काय होतं, याच उणिवा आहेत. हल्ल्यानंतर राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या बाजूचं असं बरंच काही नोंदवलं. नंतर मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं, सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. हे सगळं मला योग्य वाटतं. कोणाच्या हक्काला फारसा धक्का न लावता ते नेमक्या उणिवेला भिडतं. शहरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या प्रकल्पाला मात्र २०१६ उजाडलं. निविदांचा घोळ आठ वर्षं चालला, आणि त्याच काळात ‘कायदे आणखी कडक करा’ ही मागणी रोज ऐकू येत होती.

हरिहरेश्वरची बोट सापडली तेव्हा किती घबराट उडाली होती! तेव्हा सरकारने काय करायला हवं होतं?

जे केलं ते बऱ्यापैकी बरोबर होतं. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगडच्या किनाऱ्यावर निर्मनुष्य बोट सापडली आणि तीत तीन एके-४७ रायफली होत्या. शेखाडीचा तोच परिसर, त्यामुळे लोकांच्या काळजाचा ठोका चुकला यात नवल नाही. नाकाबंदी झाली, शोध सुरू झाला. त्याच दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, मस्कतहून युरोपकडे जाताना बिघडल्याने ती सोडून द्यावी लागली, आणि दहशतवादाचा धागा तूर्त दिसत नाही. सावधगिरी पूर्ण होती आणि माहितीही त्याच दिवशी मिळाली. दहीहंडी पार पडली.

तरी कडक कायदा हवाच ना? गुन्हेगारांना मानवी हक्क कशाला?

तपासाला वेळ हवा, खास यंत्रणा हवी, हे मान्य. २६/११ नंतर एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) स्थापन झाली, त्याला माझा विरोध नाही. पण कडक कायद्यांचा इतिहास पाहा. टाडाखाली देशभरात पंच्याहत्तर हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि दोषी ठरलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत राहिलं. १९९५ मध्ये तो कायदा संपू द्यावा लागला. त्याच धर्तीचा पोटा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये रद्द झाला. त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यात आल्या. २००८ च्या दुरुस्तीने आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाकारावा लागतो. खटला वर्षानुवर्षं उभाच राहिला नाही, तर तुरुंगवास हीच शिक्षा होते. एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली पकडलेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी, पार्किन्सनने थरथरत्या हातांनी, ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. त्यांच्यावरचा खटला सुरूही झाला नव्हता. त्यांना डांबून ठेवल्याने कोणाचा जीव वाचला, याचं उत्तर कोणी देत नाही.

‘गुन्हेगारांना हक्क कशाला’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. अटकेच्या दिवशी तो माणूस गुन्हेगार आहे की नाही हेच ठरायचं असतं. पुढची दोन उत्तरं त्याबद्दल आहेत आणि माझ्या मते या पानावरची तीच सर्वांत महत्त्वाची आहेत.

७/११ च्या खटल्यात एकोणीस वर्षांनी सगळेच सुटले. हे कसं झालं?

त्या खटल्यात मकोका हा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावला होता. या कायद्यात पोलीस उपायुक्तांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्ये तुरुंगात असतानाच कोविडने गेला होता.

न्यायालयाने काय म्हटलं ते वाचण्यासारखं आहे. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं दिसतं, म्हणून ते विश्वासार्ह नाहीत. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता. साक्षीदारांनी शंभरहून अधिक दिवसांनी चेहरे ओळखले. जप्त केलेला माल नीट मोहोरबंद ठेवला नव्हता. आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. गुन्हा उलगडल्याचा आभास निर्माण केला की समाजाला दिलासा मिळतो, पण खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचं त्या निकालाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस त्या डब्यात होतं, त्यांना या निकालाने काय वाटलं असेल! त्यांचा राग मी समजू शकते. पण तो राग निकाल देणाऱ्यांवर काढून उपयोग नाही. तपास २००६ मध्ये बिघडला, आणि तो बिघडला कारण आरोपी लवकर दाखवा हा दबाव प्रचंड होता. तो दबाव आपण सगळ्यांनी आणला होता, वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तर नक्कीच.

कसाबला कॅमेऱ्यात सगळ्या जगाने पाहिलं होतं. त्याला वकील देऊन जनतेचा पैसा का घालवला?

कारण त्यामुळेच तो खटला टिकला. हल्ल्यानंतर दीड वर्षाच्या आत, ६ मे २०१० ला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी फाशी सुनावली. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. पोलिसांपुढच्या कबुलीवर हा खटला उभा नव्हता. प्रत्यक्षदर्शी, छायाचित्रं, न्यायवैद्यक पुरावा, संभाषणाच्या नोंदी आणि दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब यांवर तो उभा होता. वकील होता म्हणून प्रत्येक पुराव्याची उलटतपासणी झाली, आणि म्हणून वरच्या न्यायालयांत तो हलला नाही.

याच खटल्यात नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि ते सुटणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिलं. देशाच्या सर्वांत मोठ्या जखमेच्या खटल्यातही न्यायाधीशाने पुराव्याविना शिक्षा दिली नाही, याचा मला अभिमान वाटतो. २००६ आणि २००८ : शहर तेच, पोलीस दल तेच. एकीकडे कबुलीवर भिस्त, दुसरीकडे पुराव्यावर. कोणता रस्ता राष्ट्रहिताचा ठरला हे समोर आहे.

आणि कसाबने तुरुंगात मागितली म्हणतात ती बिर्याणी?

कसाबने कधी बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल भावनिक वातावरण तयार होत होतं, ते मोडण्यासाठी आपण ते रचून सांगितलं, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. तरी ती गोष्ट आजही निवडणुकीच्या भाषणांत येते. एकदा लोकांच्या रागात मिसळलेली गोष्ट परत काढता येत नाही, म्हणून जबाबदार पदावरच्या माणसाने हेतू चांगला असला तरी असं करू नये.

हल्ले ठरावीक लोकच करतात, मग त्यांच्यावर नजर ठेवली तर बिघडलं कुठे?

मालेगाव पाहा. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक नमाजाला आलेली. पकडले गेले नऊ मुसलमान. त्यांना जामीन मिळायला पाच वर्षं लागली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, कारण नंतरच्या तपासाने वेगळ्याच लोकांवर बोट ठेवलं होतं. २९ सप्टेंबर २००८ ला त्याच गावात भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्यातले हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी सुटले. ७/११ च्या निकालानंतर अवघ्या दहा दिवसांनी. एका निकालावर ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या बहुतेकांनी दुसऱ्यावर संताप केला. मालेगावच्या मृतांना मात्र दोन्ही खटल्यांत न्याय मिळालेला नाही. याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही.

खबर देणारे लोक असतात. ज्या वस्तीला पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपणच संशयित ठरू अशी भीती वाटते, तिथून खबर येणं बंद होतं. २६/११ नंतर मुंबईच्या मुस्लिम संघटनांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. असा समाज पोलिसांचा सगळ्यात मोठा आधार आहे, त्याला घाऊक संशयाखाली आणणं म्हणजे आपल्याच हाताने हा आधार तोडणं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची आहे ना? मग प्रत्येकाची द्या. आडनाव पाहून घर नाकारल्याने सुरक्षा कणभरही वाढत नाही.

स्टेशनवरच्या मेटल डिटेक्टरचा उपयोग होतो का?

बहुतेक वेळा नाही. हजारो माणसं त्या चौकटीतून जातात, ती वाजत राहते आणि कोणी वळूनही पाहत नाही. बाजूची वाट तर मोकळीच असते. रोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवासी वाहणाऱ्या व्यवस्थेत विमानतळासारखी तपासणी करायची म्हटली तर तपासणीच्या रांगेतच गर्दी साचेल, आणि ती गर्दीच नवं लक्ष्य होईल. अचानक होणारी पाहणी, प्रशिक्षित श्वान, चालू असलेले कॅमेरे आणि फलाटावर हजर असलेला रेल्वे पोलीस यांचा जास्त उपयोग होतो. कॅमेऱ्याचं चित्रण कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतं, याचे नियम मात्र जाहीर असले पाहिजेत.

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा कायद्याबद्दल काय?

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचं सरकारने सांगितलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. माझा आक्षेप गरजेच्या कसोटीवर आहे. माओवादी पक्षावर यूएपीएखाली बंदी २००९ पासूनच आहे, गडचिरोलीत पोलिसांची सी-६० ही नक्षलविरोधी पथकं काम करत आहेत आणि तिथली हिंसा सरकारच्याच सांगण्यानुसार ओसरली आहे. मग नव्या कायद्याने नेमकं काय साधायचं? व्याख्या सैल असली की ती आंदोलकांनाही लागू होते.

हल्ला चालू असताना टीव्ही पाहावा का? फॉरवर्ड पाठवावे का?

टीव्ही थोडाच पाहा. फॉरवर्ड अजिबात पाठवू नका. २६/११ ला वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ताजच्या आत सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमाने बंद आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेली माहितीच दाखवायची असते. हे बंधन मला प्रमाणात वाटतं. ते कारवाई संपेपर्यंतच असतं आणि कशासाठी आहे ते स्पष्ट आहे.

अफवेचं नुकसान पुण्याने ऑगस्ट २०१२ मध्ये पाहिलं आहे. ईशान्य भारतातल्या तरुणांवर हल्ले होणार, असे संदेश फिरले आणि मुलं-मुली सामान बांधून गावाकडच्या गाड्या धरायला लागली. सरकारने पंधरा दिवस एसएमएसवर मर्यादा घातली. पहलगामनंतर मे २०२५ मध्ये तर काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या. त्या रात्री जम्मूत किंवा पूंछमध्ये खऱ्या तोफा ऐकणाऱ्या घरांना या बातम्यांनी काय दिलं असेल?

मुलं विचारतात तेव्हा काय सांगायचं?

खरं, आणि थोडक्यात. काही लोकांनी वाईट केलं, बऱ्याच जणांनी एकमेकांना वाचवलं, असं सांगा. कामा रुग्णालयातल्या परिचारिकांनी गोळीबारात गर्भवती बायकांना सुरक्षित ठेवलं, हेही सांगा. ‘ते लोक’ असं म्हणू नका.

बेवारस बॅग दिसली तर?

हात लावू नका, हलवू नका, जवळ उभं राहून मोबाइल वापरू नका. लांब व्हा, इतरांना शांतपणे लांब करा. रेल्वेत असाल तर १३९ किंवा रेल्वे पोलिसांचा १५१२, बाहेर असाल तर ११२. गाडी, डबा, स्टेशन आणि वस्तू कशी दिसते एवढं नीट सांगा. ती बॅग एखाद्या विसराळू विद्यार्थ्याची निघाली तरी फोन करण्यात काही चूक नाही. मालक समोर आलाच तर त्याला मारहाण करू नका आणि कोणाला करू देऊ नका.